तिसरा खंड कळमेश्वरात आहे

कंपनीची लाइन दहा दिवस बंद राहणार असं सुपरवायझरनं सांगितलं, तेव्हा खोलीतल्या पोरांनी उटीचा बेत केला. मी म्हटलं, मी गावी जातो. "आईची आठवण आली काय?" म्हणून सगळे हसले. खरं कारण सांगितलं असतं तर आणखीच हसले असते. मला एक पुस्तक पुढं वाचायचं होतं. दुकानात ते मिळालंही असतं, पण मला आमच्याच घरातलं पाहिजे होतं, आणि आमच्या घराचे आता तीन भाग झालेत.

मी तमिळनाडूत, होसूरला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. शिक्षण नववी नापास. मागच्या वर्षी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या घरून निघताना बाबांनी कपाटावरून एक जाड पुस्तक काढून हातात दिलं, म्हणाले, गाडीत वेळ जाईल. महाभारत, मराठीत, खंड पहिला. होसूरला मराठी बोलायला कोणी नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दोन-दोन पानं वाचत गेलो. आधी ओळीखाली बोट ठेवून, मग बोटाशिवाय. पहिला खंड संपतो तिथं पाच भाऊ जुगारात सगळं हरून रानात निघालेत. पुढचं पान नाही.

पुढचं पान नरखेड तालुक्यात मोठीमायकडे आहे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आणि त्याच्याही पुढचं, म्हणजे शेवटचं, कळमेश्वरला काकांकडे.

याचं कारण आमचे आजोबा. पूर्ण महाभारत एका छपराखाली ठेवू नये, घरात भांडण लागतं, असं आमच्याकडे मानतात. तुमच्याकडेही मानत असतील. आजोबांनी जत्रेतून तीन खंड आणले आणि तीन पोरांना एकेक वाटून टाकला. मोठेबाबांना दुसरा, माझ्या बाबांना पहिला, सुधाकर काकांना तिसरा. भांडण व्हायचं ते झालंच. मोठेबाबांचं आणि काकांचं शेत लागून, विहीर बरोबर मधात. एका कोरड्या उन्हाळ्यात काकांनी आपली मोटर आणखी खाली सोडली. मोठेबाबांनी रागात तिची केबल कापली. त्यानंतर नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत. काका शेत ठेक्यानं देऊन कळमेश्वरच्या एमआयडीसीत लागले. दोन वर्षांपूर्वी मोठेबाबा गेले तेव्हा काका घाटावर आले आणि तिथूनच परत गेले. घरी आले नाहीत. मोठीमायशी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणजे मला तीन खंड वाचायचे तर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन घरांत जाणं भाग होतं.

प्रवासाचं आधी सांगतो, कोणाला जायचं असेल तर कामी येईल. होसूरहून बसनं बंगळूर, तिथून नागपूरची रेल्वे. स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर परवडतं. मी चार दिवस आधी काढलं, म्हणून संडासाजवळची बाजूची बर्थ मिळाली. एक पूर्ण दिवस गाडीतच जातो. जेवण सोबत घ्या. गाडीतला भात मी एकदा खाल्ला, पुन्हा नाही.

गाडीत पहिल्या खंडातला जुगाराचा भाग परत वाचला. नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, नाती राहतात. आजोबा बसलेत, काका बसलेत, गुरुजी बसलेत, आणि सुनेला केस धरून सभेत आणलं. ती विचारते, स्वतःला हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का? कोणी उत्तर देत नाही. एवढे शिकलेले लोक खाली पाहत बसतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या होत्या. मग गोदामात एक दिवस ठेकेदाराच्या माणसानं बिहारच्या एका हमालाला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. आम्ही चौदा जण होतो. मी मोबाइल काढला आणि त्यात पाहत राहिलो. मोबाइलमध्ये काहीच नव्हतं. तेव्हापासून तो भाग वाचताना मी शिव्या घालत नाही. नुसता वाचतो.

नागपूरला सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले, चना वरून, तर्री दोनदा मागून घेतली. होसूरला इडली कितीही चांगली मिळाली तरी सकाळी सात वाजता नाकातून पाणी काढणारं काही मिळत नाही. आता स्टेशनाहून मेट्रोत बसलं की थेट लोकमान्यनगर, उतरलं की हिंगणा रोड. पूर्वी ऑटोवाल्यासोबत अर्धा तास हुज्जत घालावी लागायची. घरी आईनं बॅग उघडली, पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "हे तिकडंच ठेवाचं होतं नं. परत कायले वाहून आणलं?"

"दुसऱ्यासोबत लावून वाचतो म्हटलं."

"मोठीमायच्या घरात दोन्ही नेशीन त झाडूनं मारन ते तुले."

दुसऱ्या दिवशी बाबांची मोटरसायकल घेऊन निघालो. हिंगण्याहून वाडीवरून रिंगरोड धरला आणि काटोल रोडला लागलो. रस्ता कुठं एकदम गुळगुळीत, कुठं काम चालू. ट्रकच्या मागं राहिलात तर दात मातीनं भरतात. रुमाल बांधा. काटोलच्या स्टँडसमोर आलुबोंडा आणि रस्सा खाऊन पुढं गेलं की दोन्ही बाजूला संत्र्याचे बगीचे सुरू होतात. भाद्रपदात फळ हिरवंच असतं, पानात लपलेलं. फोटो काढायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. नरखेडच्या अलीकडे डावीकडे वळून आठ किलोमीटर आत आमचं गाव. एसटी दिवसातून दोनदा, आणि तीही तिच्या मनात असेल तर.

मोठीमाय अंगणात मिरच्या निवडत होती. साठीच्या पुढची, बारीक, आवाज मात्र तीन घरं ओलांडून जाईल असा. मी उतरलो तशी तिनं आधी बॅगेकडे पाहिलं.

"पहिला आणला का त्यात?"

"हो."

"मंग बॅग तिथं लिंबाले टांग. घरात नाही."

मी बॅग कडुलिंबाच्या फांदीला टांगली. त्यात माझे कपडे, ब्रश, चार्जर सगळं होतं. तीन दिवस मी अंघोळीनंतर झाडाखाली जाऊन शर्ट बदलत होतो, आणि शेजारचे विचारत होते, "काहून गा मंगेश, मोठीमायनं हाकलून देलं का?"

दुसरा खंड तिनं देवघरातून आणला आणि मला हसूच आलं. पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. जवळपास प्रत्येक पानाचा कोपरा दुमडलेला.

"हे काय केलं?"

"जो मेला त्याच्या पानाचा कान मुडपते मी. म्हणजे समजते कोण राह्यलं."

मोठीमाय शाळेत गेली नाही. पन्नाशीला आल्यावर गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तिथं अक्षरं शिकली, आणि घरात होतं तेच एक पुस्तक वाचायला घेतलं. वनवास आणि लढाई. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. किती वेळा झालं ते तिलाही माहीत नाही. मी वाचायला बसलो की ती मिरच्या निवडता निवडता सांगायची, "ते सोड, ते रथाचं वर्णन हाय, चार पानं तेच हाय. इथून वाच. इथं पोरगं आत जाते अन् बाहेर याची वाट त्याले मालूम नाही." आणि त्या पोराचं पान आलं की ती हातातल्या मिरच्या बाजूला ठेवून द्यायची.

मी विचारलं, "तुला शेवट माहीत आहे ना? टीव्हीवर तर दाखवलं."

"टीव्हीत लढाई झाली अन् गादीवर बसले, वाजला बाजा. मले ते नाही पाह्यजे. इतक्या बाया मांगं राह्यल्या. सासवा, सुना. त्याईनं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं? चूल पेटवली का? कोनासंग बोलल्या? ते तिसऱ्यात असंन नं?"

पातोडीची रस्सा भाजी आणि ज्वारीची भाकर वाढताना तिनं हे विचारलं. माझं पान वाढून ती चुलीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुह्या मोठेबाबानं दोनदा म्हटलं होतं, सुधाकरले निरोप धाडतो, पोथी दे म्हणून. मीच नाही धाडू देला. आता धाडते. तू आणून देशीन का?"

मी हो म्हटलं. एवढं सोपं वाटलं मला. जाईन, मागेन, आणेन.

कळमेश्वर तुम्हाला परतीच्या रस्त्यावरच लागतं. काकांचं घर स्टेशनपासून जवळ, दोन खोल्या, समोर लोखंडी फाटक. रविवार होता, काका घरीच होते. काकूंनी चहा केला, शेव-चिवडा आणला, होसूरला पगार किती, खोलीत किती पोरं, सगळं विचारून झालं. मग मी पुस्तकाचं काढलं.

काका उठले आणि कपाटावरून लाल कापडाचं गाठोडं काढलं. गाठ इतकी जुनी होती की कापडाचा रंग गाठीबाहेर उडाला होता आणि गाठीत तसाच लाल राहिला होता. म्हणजे एकदाही सोडलेली नव्हती.

"तुले वाचाचं असंन त इथं बसून वाच. चार दिवस राह्य. काकू जेऊ घालन."

"मोठीमायला पाहिजे आहे."

काकांनी गाठोडं परत वर ठेवलं. "तिच्या घरी दुसरा हाय. आजोबानं सांगतलं, दोन एका घरात नाही ठेवाचे. वडिलाचं म्हणणं हाय, मी मोडत नाही."

काकू आतून म्हणाल्या, "वडिलाईनं विहीर मिळून वापरा म्हणूनही सांगतलं होतं."

"तू चूप वं!"

मी मधात बसलो होतो, हातात चिवड्याची प्लेट. पुन्हा मोबाइल काढावासा वाटला. काढला, आणि मोठीमायला फोन लावून स्पीकरवर ठेवला. काकांना विचारलंही नाही.

"मोठीमाय, काका म्हणतात, दोन खंड एका छपराखाली नको."

पलीकडून आधी सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरोबर म्हणते ते," मोठीमाय म्हणाली. "मंग विहिरीवर घेऊन ये म्हणा. विहिरीले कोणतं छप्पर हाय?"

काका खिडकीतून बाहेर पाहत होते. काकू दारात येऊन उभ्या. मोठीमायचा आवाज पुन्हा आला, आता हळू, "तिथं हाय का ते? ऐकून राह्यले का?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच ठेव म्हणून खूण केली. मी फोन ठेवला.

त्या रात्री मी तिथंच राहिलो. सकाळी उठलो तर काका गाडी पुसत होते. ड्युटीला फोन करून सुट्टी टाकली होती. म्हणाले, "पोथी मी कोणाच्या हाती देत नाही. मी आणतो, तू वाच, मी वापस घेऊन येतो." मी मोठीमायला फोन करून कळवलं आणि दोन गाड्या घेऊन आम्ही निघालो. लाल गाठोडं त्यांच्या डिक्कीत. हँडलला पाण्याची बाटली लटकवली होती. घरून भरून घेतलेली.

विहीर तुम्ही बघितली तर विशेष काही नाही. दगडी बांधणी, पाणी भरपूर वर आलेलं, कठड्यावर शेवाळ. दोन खांब, त्यावर दोन स्टार्टरच्या पेट्या, दोन्हींची तोंडं दोन बाजूला. मोठीमाय आधीच येऊन आपल्या बाजूच्या दगडावर बसली होती. डोक्यावर पदर, हातात चहाचा थर्मास. काका समोरच्या, आपल्या बाजूला बसले. मी मधात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मोठीमायनं मला म्हटलं, "गाठ सोड." काकांनी मला म्हटलं, "सांभाळून."

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडली. आतली पहिली वीस-पंचवीस पानं कसरीनं खाल्लेली, जाळी झालेली. तिथं काय होतं ते आमच्या घरात आता कोणालाच कळणार नाही.

जिथून अक्षरं शाबूत होती तिथून सुरू केलं. लढाईची जागा. बाया आल्यात. लग्नापासून डोळ्यांवर पट्टी बांधलेली राणी, शंभर पोरांची आई, त्यांच्यामागं सुना. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता त्या चिखलात फिरतायत आणि आपापला माणूस शोधतायत. कोणाला हात सापडतो, कोणाला अंगठीवरून ओळख पटते. मोठीमाय मान हलवत होती, जणू कोणी तिच्याच शेजारची खबर सांगतंय. "हेच," ती म्हणाली, "हेच मले वाटलं होतं."

मी हळू वाचतो, आणि जोडाक्षर आलं की अडतो. एका लांब शब्दावर तीनदा अडलो. काका चिडले. "आण इकडं. नववीत काय करत होता गा तू?" पुस्तक ओढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागले. काका बारावी झालेत. आवाज चांगला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नदीवर सगळे मेलेल्यांना पाणी द्यायला उतरतात. एकेकाच्या नावानं ओंजळ सोडतात. तेव्हा पाच भावांची आई पुढं येते आणि सांगते, तो सारथ्याचा पोर म्हणून ज्याला तुम्ही मारलं, त्याच्याही नावानं पाणी सोडा. तो माझा पहिला. तुमचा थोरला भाऊ.

काका थांबले. पान उलटायचं नव्हतं, अर्ध्या पानावरच थांबले. विहिरीत एक बेडूक कठड्यावरून पाण्यात पडला, तो आवाज ऐकू आला.

"वाच नं," मोठीमाय म्हणाली. "काहून थांबला गा सुधाकर?"

अकरा वर्षांत तिनं त्यांना नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. लग्न होऊन ती आली तेव्हा काका दुसरीत होते, डबा भरून शाळेत तीच पाठवायची. काकांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

"वैनी, मी त्या दिवशी घाटावरून घरी आलो होतो. फाटकापर्यंत."

"मालूम हाय."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाचं काय, मी पाह्यलं नं. ओसरीतून. निळा शर्ट होता. लय वेळ उभा होता तू. मले वाटलं, हाक मारू. नाही मारली." ती पदरानं थर्मासचं झाकण पुसत होती, पुसलेलंच पुन्हा पुसत होती. "तुह्या भावानं केबल कापली त्या दिवशी सांजीले जेवला नव्हता ते. हेही मी तुले सांगाले पाह्यजे होतं. तेही नाही सांगतलं."

काकांनी पुस्तक उचललं, खाकरून घसा साफ केला आणि तो भाग पूर्ण वाचला. थोरला भाऊ होता हे कळल्यावर त्या राजाला राज्य नको झालं, इथपर्यंत. मोठीमायनं थर्मासमधून तीन कप ओतले. काकांनी घेतला नाही. बाटलीतलं आपलं पाणी प्यायले. मला वाटलं, संपलं, एवढ्यावरच.

ऊन चढल्यावर काका उठले. लाल कापड झटकलं, घडी केली. मोठीमाय म्हणाली, "तिसरा राहू दे माह्यापाशी. बाकी राह्यलंय ते वाचन मी. तू दुसरा घेऊन जाय. म्हणजे एका घरात एकच राह्यते, बुढ्याचा शब्दही नाही मोडत."

"मले कायले पाह्यजे?"

"वाचशीन त समजन, कोण कसा मेला ते. पानाचे कान सरळ नको करजो."

काका विहिरीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "जाय, घेऊन ये घरून." मी धावत गेलो, देवघरातून फुगलेला दुसरा खंड आणला. काकांनी तो लाल कापडात बांधला. बसेना, म्हणून गाठ न मारता नुसता गुंडाळला. गाडी सुरू केली. घराच्या रस्त्यानं नाही, मागच्या, शेतामधल्या पांदणीनं गेले.

मी दुसऱ्या दिवशी झाडावरची बॅग काढली, हिंगण्याला एक रात्र काढली आणि होसूरला परतलो. पहिला खंड यावेळी आईकडेच ठेवला.

आता तुम्ही विचाराल, एवढा खर्च, एवढा प्रवास, हाती काय आलं? तिसरा खंड मी स्वतः अर्धाही वाचला नाही. दुसरा मोठीमायच्या मिरच्यांसकट अर्धाच झाला. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पुस्तकात ज्यांनी बोलायला पाहिजे त्यांना सगळं माहीत असतं. आईला माहीत होतं तो आपला पोर आहे. मरणाऱ्यालाही माहीत होतं हे आपले भाऊ आहेत. लढाई लोकांना माहीत नव्हतं म्हणून झाली नाही. माहीत असणाऱ्यांनी हाक मारली नाही, म्हणून झाली. हे कोणी मला शाळेत सांगितलं असतं तर नववी झाली असती की नाही, कोण जाणे. त्या हमालाला मी परवा शोधलं. तो दुसऱ्या गोदामात गेला म्हणे. नंबर घेतलाय. अजून लावला नाही. काय बोलायचं ते जुळवतो आहे.

पंधरा-वीस दिवसांनी, पितृपक्ष संपता संपता, मोठीमायचा फोन आला. शेवटपर्यंत वाचून झालं म्हणाली. शेवट तिला पटला नाही. पाच भाऊ आणि बायको डोंगर चढतात, एकेक जण पडतो, आणि पुढचा मागं वळून पाहत नाही. "असा कसा गा धर्म? आपला माणूस पडला त मान वळवाले काय जाते?" असं बराच वेळ भांडत होती, माझ्याशी, जणू मीच लिहिलंय.

मग म्हणाली, "तुहा काका आला होता काल. मोठेबाबाची तिथ होती. पुस्तक बदलाले आलो म्हणे."

"चहा घेतला?"

"अर्धा."

"कुठं बसून?"

"कुठं म्हणजे? घरात. त्याले काय पितराच्या दिवशी विहिरीवर बसवू?"